सायकलस्वाराचं बनियन

डिसेंबर-जानेवारीत छत्रपती संभाजीनगरच्या सायकलस्वारांची एक वाट ठरलेली असते. नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि मग दौलताबाद. ज्यांच्या पायांत दम आहे ते पुढे घाट चढून कागजीपुऱ्यावरून खुलताबादला पोचतात आणि काही जण थेट म्हैसमाळ गाठतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, म्हैसमाळ हजार मीटरच्या वर. म्हणजे पहाटेच्या दहा-बारा अंशांच्या गारव्यात घामाघूम होत चढायचं आणि त्याच घामेजल्या अंगाने समोरचा वारा छातीवर झेलत उतरायचं. चढताना जॅकेट नकोसं होतं, उतरताना तेच जॅकेट अंगात असूनही हुडहुडी भरते. मग माणूस पुढच्या वेळी आणखी जाड जॅकेट घेतो आणि आणखी घामेजतो. खरा दोष बहुतेक वेळा जॅकेटाच्या आत, अंगाला चिकटलेल्या ओल्या बनियनचा असतो.

सर्वांत आत, कातडीला लागून घालायच्या या कपड्याला सायकलस्वार ‘बेस लेयर’ म्हणतात. नामांकित परदेशी कंपन्यांचे बेस लेयर तीन-चार हजारांपासून सुरू होतात, म्हणून हा हौशी आणि पैसेवाल्यांचा नाद आहे असा नव्या मंडळींचा समज होतो. पण ते कपडे मुख्यतः युरोपातल्या हिवाळ्यासाठी बनलेले असतात. आपल्याकडच्या थंडीला पुरेल असा बेस लेयर गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुऱ्याच्या बाजारात काही शे रुपयांत मिळतो. कित्येकदा तो घरच्या कपाटातच पडून असतो. तो ओळखायचा कसा, हे मात्र माहीत हवं.

घामाचा हिशेब

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. घाटात एखादा साधारण तयारीचा माणूस पॅडलवर शंभर वॉट शक्ती लावत असेल, तर त्याच्या अंगात त्याच वेळी साडेतीनशे वॉटच्या आसपास उष्णता तयार होत असते. जुन्या पिवळ्या बल्बच्या हिशेबात सांगायचं तर शंभराचे साडेतीन बल्ब छातीत पेटलेले. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा सगळ्यांत जोरकस मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. तासाला अर्धा लिटर घाम पूर्ण वाळला, तर वरची साडेतीनशे वॉट उष्णता जवळजवळ सगळी निघून जाते.

इथे ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपड्यात मुरून बसलेला घाम चढावर पुरेसा गारवा देत नाही आणि उतारावर नको तेवढा देतो. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरड्या बनियनच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब राखते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब बाहेर पळू लागते. त्यात वाऱ्याची भर पडते. १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने घाट उतरताना उघड्या कातडीला साधारण ६ अंशांइतकी थंडी जाणवते, आणि हा हिशेब कोरड्या कातडीचा आहे. ओल्या अंगाची गत याहून वाईट.

म्हणून बेस लेयरचं पहिलं काम ऊब देणं हे नसून कातडी कोरडी ठेवणं हे आहे. घाम अंगावरून उचलायचा, कपड्याच्या बाहेरच्या बाजूवर पसरवायचा आणि तिथे त्याला वाळू द्यायचा, एवढंच त्याने करायचं. ऊब आणि वाऱ्याचा अडसर हे वरच्या थरांचं काम.

कापसाच्या मुलखात कापसाविरुद्ध

हे काम कोणता धागा कसं करतो, ते त्याच्या पाणी शोषण्याच्या सवयीवर ठरतं. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतो. नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आणि पॉलिप्रोपिलीन जवळजवळ शून्य. कापसाचा तंतू पाणी आपल्या पोटात घेतो, फुगतो आणि सहजी सोडत नाही. चिंब झालेलं सुती बनियन स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी बाळगू शकतं. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पितच नाही. त्यामुळे घाम तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून, केशाकर्षणाने, पुढे सरकत कपड्याच्या पृष्ठभागावर पसरतो आणि वाऱ्यावर लवकर वाळतो. ज्या जिल्ह्याच्या निम्म्या गप्पा कापसाच्या भावाभोवती फिरतात, तिथे हे सांगणं जरा जिवावर येतं, पण थंडीतल्या घाटासाठी सुती बनियन हा वाईट सोबती आहे.

पॉलिएस्टरबद्दल आपल्या घरांत एक जुनी अढी आहे आणि तिला कारणही आहे. हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधला आणि ‘टेरिलीन’ या नावाने तो जगभर गेला. पुढे टेरिलीन आणि टेरिकॉटच्या सदऱ्यांनी एका पिढीला न चुरगळणारे, पण उन्हाळ्यात उकडून काढणारे कपडे दिले. त्या सदऱ्यांचं कापड सपाट आणि घट्ट विणलेलं होतं, घामाला आणि हवेला वाटच नव्हती. आजचं खेळाचं कापड त्याच पॉलिएस्टरचं असलं तरी ते गुंफून, म्हणजे होजिअरी पद्धतीने केलेलं असतं, त्याला जाळी असते आणि तंतू अतिशय बारीक असतात. १९८६ साली ड्यूपाँट कंपनीने ‘कूलमॅक्स’ नावाचा धागा आणला. त्याच्या तंतूला लांबीभर पन्हळी होत्या, घाम त्यांतून वाहत जावा म्हणून. आपल्या शहराजवळ वाळूज आणि चिकलठाण्याला गरवारेंच्या कारखान्यांत ज्या पॉलिएस्टरची फिल्म बनते, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या बनतात, रासायनिकदृष्ट्या तोच हा पदार्थ. त्याचं काय होणार, हे त्याला दिलेल्या आकारावर ठरतं.

तिसरा पर्याय लोकरीचा. लोकर पुष्कळ ओलावा आत घेऊनही ओली लागत नाही, ओलसर असताना ऊब सोडत नाही आणि तिला वासही लवकर येत नाही. म्हणूनच मेरिनो लोकरीचे बेस लेयर महाग असतात. मग दख्खनी मेंढीची, घोंगडीची लोकर का चालू नये? अडचण जाडीची आहे. अंगालगतच्या मेरिनो कपड्यांतला तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा असतो. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू कपड्यात थोडे जरी असले तरी त्यांची टोकं कातडीला टोचतात. दख्खनी लोकर त्या रेषेच्या पलीकडची, भरड. पावसात आणि रानात धनगराला तिनेच साथ दिली, पण बनियनसाठी ती नाही. आणि बाजारात ‘वुलन’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मालात बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, हेही लक्षात ठेवावं.

आत एक धागा आणि बाहेर दुसरा, ही युक्ती या शहराला नवी नाही. हिमरू कापडाबरोबर इथे नावाजलेल्या मशरू कापडाची वीण अशी असते की रेशीम बाहेरच्या अंगाला चमकतं आणि कातडीला सूत लागतं. रेशमाचा थेट स्पर्श वर्ज्य मानणाऱ्या मुसलमान पुरुषांना त्यामुळे रेशमी दिसणारं वस्त्र वापरता येई. आज खेळाच्या महागड्या कपड्यांत याच्या उलट रचना करतात. पाणी न पिणारा धागा आत आणि पाणी ओढून पसरवणारा धागा बाहेर ठेवतात, म्हणजे घाम आपोआप बाहेरच्या थराकडे खेचला जातो.

जाळीची महती

स्वस्त बेस लेयरच्या इतिहासात एका नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. हेन्रिक ब्रुन यांनी १९३३ साली मासेमारीची जुनी जाळी शिवून अंगालगत घालायचं बनियन केलं. मोठ्या भोकांमध्ये हवा अडकते, वर कपडा असला की ती ऊब धरते. वरचा कपडा सैल केला की घामाची वाफ त्याच भोकांतून निघून जाते. कातडीला धाग्याचा स्पर्शच मुळात कमी, त्यामुळे ओल धरून ठेवायला कापडही कमी. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या सामानात अशी जाळीची बनियनं होती.

आपल्याकडे जाळीचं बनियन आजोबांच्या पिढीचं म्हणून बाजूला पडलं. होजिअरीच्या जुन्या दुकानात विचारलं तर ते अजूनही मिळतं. ते बहुधा सुती असतं, पण जाळीमुळे साध्या सुती बनियनपेक्षा कमी घाम धरतं आणि लवकर वाळतं. पॉलिएस्टरच्या जाळीचं मिळालं तर फारच उत्तम. आज सायकलिंगचे नामांकित उत्पादक उन्हाळी बेस लेयर म्हणून जे विकतात, ते दुसरं काही नसून बारीक जाळीचं, बिनबाह्यांचं पॉलिएस्टरचं बनियनच असतं.

बाजारात काय पाहावं

सर्वांत स्वस्त बेस लेयर म्हणजे शर्यतीत मिळालेला टी-शर्ट. गेल्या काही वर्षांत हाफ मॅरेथॉन, दहा किलोमीटरची दौड, कंपनीचा क्रीडादिन यांतून घरोघरी पॉलिएस्टरचे टी-शर्ट साचले आहेत. ते सैल असतात हीच त्यांची अडचण. कापड कातडीला टेकलेलं नसेल तर घाम उचललाच जात नाही, थेंब अंगावरून ओघळत राहतात. गल्लीतल्या शिंप्याकडून दोन्ही बाजू आत घेऊन फिटिंग करून घ्या, हवं तर बाह्या कापून घ्या. पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. शिंप्याकडे ओव्हरलॉकचं मशीन आहे ना, तेवढं आधी विचारा. साध्या शिलाईत हे ताणलं जाणारं कापड उसवतं.

दुसरा पर्याय खेळाच्या दुकानातला. क्रिकेट-कबड्डीच्या संघांच्या जर्सी शिवणाऱ्यांकडे ‘डॉट निट’ नावाचं बारीक ठिपक्यांच्या जाळीचं कापड असतं, ते या कामाला चांगलं. कुस्ती किंवा व्यायामशाळेच्या मंडळींसाठी अंगाला घट्ट बसणारे ‘कंप्रेशन’ टी-शर्ट येतात. ते फोर-वे लायक्राचे असतात. थंडीत पूर्ण बाह्यांचा असा टी-शर्ट जर्सीखाली छान चालतो. दोनशे ते पाचशे रुपयांत तो मिळतो. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत फुटबॉल किंवा धावण्याच्या विभागातले आतले कपडेही याच घडणीचे असतात आणि सायकलिंगच्या विभागातल्यांपेक्षा कित्येकदा स्वस्त पडतात. कपड्यावर सायकलचं चित्र आहे की फुटबॉलचं, हे घामाला कळत नाही.

तिसरा पर्याय लोकांना सर्वांत आधी सुचतो आणि तिथेच ते फसतात, तो म्हणजे थर्मल. लुधियाना ही आपल्या उबदार कपड्यांची राजधानी, आणि तिथून येणारे थर्मल स्वस्त आणि टिकाऊ असतात. पण त्यांतले बरेचसे सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्र कापडाचे, आतून लव काढलेले असतात. बसून काम करणाऱ्याला, पहाटेच्या एसटीने जाणाऱ्याला, स्कूटरवरून वाळूजची पहिली पाळी गाठणाऱ्याला ते उत्तम. घाट चढणारा त्यात भिजून जातो. थर्मलच घ्यायचं असेल तर पातळ, पॉलिएस्टर जास्त असलेलं घ्या आणि फक्त कडाक्याच्या थंडीत, सपाट रस्त्यावर वापरा.

दुकानात चार गोष्टी तपासाव्यात. कॉलरच्या आतल्या पट्टीवर कापडाची टक्केवारी लिहिलेली असते, ती आधी वाचावी. ‘ड्राय फिट’ हे शब्द आता कोणीही छापतो, त्यांवर जाऊ नये. कापड ओठांशी धरून फुंकर मारावी. हवा सहज पार गेली पाहिजे. दुकानदाराने परवानगी दिली तर आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो मोत्यासारखा तसाच बसून राहिला किंवा एका जागी मुरला तर कापड कामाचं नाही, काही क्षणांत रुंद पसरला तर घ्यावं. शेवटी शिलाई बोटाने चाचपावी. खांद्यावर आणि काखेत जाड शिवण असेल तर दोन तासांत तिथे कातडी सोलवटते. सपाट शिवण उत्तम, नाहीतर कपडा उलटा घालावा, आतून कोण पाहणार आहे?

टक्केवारीची पट्टीच नसेल तर घरी आणल्यावर आतल्या दुमडीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो.

तीन ऋतू, तीन उत्तरं

इथवर वाचून कोणी वर्षभर पॉलिएस्टर घालायचं ठरवलं, तर तेही बरोबर नाही. मराठवाड्याच्या हवेचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

थंडीत, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, पूर्ण बाह्यांचा घट्ट पॉलिएस्टरचा थर आणि त्यावर जर्सी हे पुरतं. घाट उतरण्यासाठी पातळ विंडचीटर खिशात ठेवावा आणि तो चढावर अजिबात घालू नये. विंडचीटर नसेल तर वर्तमानपत्र आहे. आल्प्समधले घाट उतरण्याआधी युरोपातले सायकलपटू जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र पसरून ठेवत, आणि टूर द फ्रान्ससारख्या शर्यतींतही हे चाले. बेस लेयर आणि जर्सीच्या मध्ये घातलेले चार कागद वारा अडवतात. खाली पोचल्यावर त्यांची घडी करून खिशात ठेवावी. हातांसाठी स्कूटरवाल्या मुली उन्हात वापरतात त्या पातळ बाह्या रस्त्यावर शंभर रुपयांच्या आत मिळतात. घाट चढताना त्या मनगटापर्यंत खाली सारायच्या, उतरताना वर ओढायच्या.

पावसाळ्यात थंडी नसते, पण हवा ओली असते आणि घाम वाळतच नाही. इथे जाळीचं, बिनबाह्यांचं बनियन सर्वांत बरं. पावसाने भिजलं तरी ते लवकर निथळतं.

एप्रिल-मेचा हिशेब मात्र उलटा आहे. पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा २५ टक्क्यांच्याही खाली असते. अशा कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो. तेव्हा अंगावर थोडी ओल राहणं फायद्याचं असतं, आणि पातळ, सैल सुती कपडा गारवा टिकवून धरतो. कामावर सायकलने जाणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात सुती सदऱ्याहून वेगळं काही शोधायची गरज नाही. पहाटे वेगाने, लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्याने बारीक जाळीचं बनियन घालावं किंवा आत काहीच घालू नये.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेंना, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या सायकलफेऱ्यांना, यांतले एकाहून अधिक ऋतू एकाच फेरीत भेटतात. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, सहाशेसाठी चाळीस तास अशी मुदत असते, म्हणजे दुपारचं ऊन आणि उत्तररात्रीचा गारठा दोन्ही आलेच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने पूर्ण केलेली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघून वाळवंट आणि रॉकी पर्वत ओलांडते. अशा ठिकाणी एकच जाड कपडा निरुपयोगी ठरतो, पातळ थर चढवता-उतरवता येतात तेच कामाला येतात. बनियनचा एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेला, तर रात्रीच्या चहाच्या टपरीवर बदललेलं बनियन महागड्या जॅकेटापेक्षा जास्त ऊब देतं.

निगा

पॉलिएस्टरला वास धरायची खोड आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की घामाचा वास करणारे काही जिवाणू सुती कपड्यापेक्षा पॉलिएस्टरवर जास्त वाढतात. शिवाय कातडीचं तेल या धाग्याला चिकटून राहतं. म्हणून घरी आल्याबरोबर कपडा साध्या पाण्यात खळबळून काढावा, बादलीत तसाच पडू देऊ नये. धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण अजिबात वापरू नये. त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि घाम वाहून नेणाऱ्या फटी बुजतात. चांगला कपडा अचानक घाम उचलेनासा झाला, तर कारण बहुधा हेच असतं. गरम पाणी आणि इस्त्री टाळावी. वास राहिलाच तर अर्धा तास पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवावं आणि उन्हात उलटं वाळत घालावं.

नव्या सायकलस्वाराने पैसे कुठे घालावेत, याचा क्रम त्यामुळे सरळ आहे. आधी हेल्मेट आणि दिवे, मग गादीची चड्डी, मग विंडचीटर. बेस लेयर सर्वांत शेवटी, कारण तो जवळजवळ फुकटात जमतो. शर्यतीचा एक जुना टी-शर्ट शिंप्याकडून घट्ट करून घ्या, एक जाळीचं बनियन घ्या आणि थंडीसाठी पूर्ण बाह्यांचा एक घट्ट टी-शर्ट. तिन्ही मिळून हजार रुपयेही लागत नाहीत, आणि म्हैसमाळच्या थंडीला एवढं पुरतं. मेरिनोचा विचार लडाखला सायकल न्यायची वेळ येईल तेव्हा करा.